वापरलेल्या तेलावर तीनशे चाळीस किलोमीटर

२ सप्टेंबर, सकाळी ७.००

आजपासून रोजनिशी. हेतू शुद्ध तांत्रिक. तेल, फिल्टर, इंजिन, किलोमीटर. भावनाबिवना लिहायच्या नाहीत. तेवढा वेळ नाही.

तसा वेळ आहे. ड्रायव्हिंग स्कूल जूनमध्येच बंद झालं. मालक मुलीकडे कायमचे राहायला गेले आणि जाताना स्कूलची जुनी डिझेल गाडी माझ्या नावावर करून गेले. म्हणाले, सव्वीस वर्षं तुम्ही हिच्यात बसून शिकवलंत, आता तुम्हीच सांभाळा. भंगारवाल्याने आधी नकार दिला होता हे मला मागाहून कळलं. पण त्यामुळे मालकांच्या भावनेला कमीपणा येत नाही.

कालच्या पेपरात जाहिरात. वापरलेल्या खाद्यतेलावर धावणाऱ्या गाड्यांची रॅली. तीनशे चाळीस किलोमीटर, पंधरा आणि सोळा नोव्हेंबर. सुसाट जायचं नाही, ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या मिनिटाला पोचायचं. म्हणजे शिस्त. म्हणजे मीच की.

फॉर्म भरला. चालकाचा अनुभव: २६ वर्षे. सहचालकाचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवला. आधीच कुणाला शब्द दिला तर बाकीचे नाराज होतील.

४ सप्टेंबर

मेकॅनिककडे गाडी नेली. नेली म्हणजे त्याचा माणूस येऊन घेऊन गेला. मेकॅनिकने समजावून सांगितलं. जुन्या डिझेल इंजिनाला तळणाचं तेल चालतं. डिकीत दुसरी टाकी बसवायची. गाडी डिझेलवर सुरू करायची आणि इंजिन तापलं की तेलावर घ्यायची. मात्र तेलात पाण्याचा थेंब आणि गाळाचा कण राहता कामा नये. नाहीतर फिल्टर चोंदणार आणि गाडी रस्त्यात बसणार. हे त्याने तीनदा सांगितलं. मी शिक्षक आहे, मला एकदा सांगितलं तरी पुरतं.

मग विचारलं, चालवणार कोण? म्हटलं, मी. तो पान्याकडे बघत राहिला. म्हणाला, नाही, तुम्हाला चालवताना कधी बघितलं नाही, म्हणून.

या गाडीतून मी चार लाख किलोमीटर गेलोय. शेजारच्या सीटवरून, हे कबूल. पण शेजारी शिकवणाऱ्यासाठीही एक क्लच आणि एक ब्रेक आहे, आणि सव्वीस वर्षं गाडी खरी कोण चालवत होतं, हे जाणणारे जाणतात.

९ सप्टेंबर

तेलाची सोय झाली. हॉस्पिटलच्या कॅन्टीनचा आचारी आठवड्याला वीस लिटर देणार. मनमोकळा माणूस. आम्ही बराच वेळ बोललो. मी रॅलीबद्दल, तो मासे तळत. शेवटी म्हणाला, डबे धुऊन परत आणा. विश्वास असल्याशिवाय माणूस असं बोलत नाही.

डबे बाथरूममध्ये ठेवलेत. सकाळी अंघोळीला जरा तिरकं उभं राहावं लागतं. व्यायाम.

१६ सप्टेंबर

टाकी बसली. पहिली ट्रायल. एकट्याने. चालकाच्या सीटवर.

सीट अनोळखी. काच भलतीकडे. हात सारखा शेजारच्याचं स्टीअरिंग सावरायला उठत होता. शेजारी कुणी नव्हतं. सिग्नलला मी स्पष्ट आवाजात म्हणालो, आता हळूच क्लच सोडा. कुणी सोडला नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले. गाडी तीनदा बंद पडली. इंजिनाला नव्या इंधनाची सवय व्हायची आहे.

सहा किलोमीटर, पन्नास मिनिटं. तीन मांजरं घरापर्यंत मागे आली. एकंदर प्रतिसाद चांगला.

२१ सप्टेंबर, रविवार

ताईचा फोन. दर रविवारी अकराला करते. विचारलं, जेवलास का, गुडघा कसा आहे, घरी कुणी येतं-जातं का? म्हटलं, अगं श्वास घ्यायला फुरसत नाही. परवा मीटर बघायला माणूस आला होता, काल खालच्या मजल्यावरच्यांचं पार्सल माझ्याकडे आलं. ती म्हणाली, आमची मागची खोली रिकामीच आहे रे, ये की. म्हटलं, रॅली होऊ दे. म्हणाली, मग रॅली झाल्यावर ये. या बाईशी बोलताना फार सांभाळून बोलावं लागतं.

२६ सप्टेंबर

सहचालकाची निवड सुरू. तीन हजारांवर विद्यार्थी माझ्या हाताखालून गेले. त्यातले चाळीस काढले. जुन्या रजिस्टरमधले पत्ते घेऊन प्रत्येकाला पत्र टाकलं. एकाच सुरातलं, म्हणजे कुणाला डावं-उजवं वाटायला नको. गर्दी झाली तर चिठ्ठ्या टाकू.

८ ऑक्टोबर

उत्तर: ०. पोस्टाचा कारभार ढासळला आहे.

९ ऑक्टोबर

नऊ फोन केले. बँकेतला म्हणाला, कोणते सर? दुसऱ्याला वाटलं मी विमा विकतोय, त्याने नको म्हणून ठेवून दिला. दाताच्या डॉक्टरीणबाईंना मात्र मी लख्ख आठवत होतो. म्हणाल्या, तुम्ही पेपरची गुंडाळी करून गुडघ्यावर मारायचात ना? मी म्हटलं, प्रेमाने. त्या म्हणाल्या, पेशंट आलाय.

उरलेले एकतीस फोन पुढच्या आठवड्यात. घसा बसलाय.

१३ ऑक्टोबर

तेल गाळलं. मेकॅनिकने सांगितलं होतं खास कापड आणा. जुनी चादर दुहेरी करून वापरली. चादर म्हणजे कापडच.

पाण्याची परीक्षा: तवा तापवून त्यावर तेलाचा थेंब टाकायचा. तडतडलं तर पाणी आहे, सगळं तेल पुन्हा तापवून पाणी उडवायचं. टाकलं. तडतडलं. पण थोडंसंच. आणि शंभर लिटर तेल घरातल्या शेगडीवर तापवणं हे व्यवहाराला धरून नाही. दुसरा थेंब टाकला नाही.

१८ ऑक्टोबर

आज सहचालक निवडला.

झालं असं. भाजी बाजाराच्या सिग्नलला थांबलो होतो. कुणीतरी काचेवर टकटक केलं. साधारण माझ्याच वयाची बाई, हातात पिशवी. म्हणाली, सर, हँडब्रेक ओढलेला आहे. मागून धूर येतोय.

मी ओळखलं नाही. ती म्हणाली, मी सहावेळा.

मग आठवलं. सहा वेळा नापास. माझ्या कारकिर्दीतला विक्रम. सहाव्या टेस्टला परीक्षक चालत्या गाडीतून उतरून पायी ऑफिसला गेले होते. स्कूलमध्ये सगळे तिला सहावेळाच म्हणायचे. तोंडावर नव्हे. (तिला माहीत होतं तर!)

छापखान्यात प्रूफं तपासायची. यंदाच रिटायर झाली. गाडीत बसली, म्हणाली मासे तळलेत का कुठे? मी रॅलीचं सांगितलं. ती घरापर्यंत हसली, आणि उतरताना म्हणाली, मी येऊ का सहचालक म्हणून? वाचायला मला जमतं.

विचार करून सांगतो म्हटलं. ती पाठमोरी होईपर्यंत विचार केला आणि मग हाक मारून हो म्हटलं. नापास विद्यार्थ्याला दुसरी संधी देणं हे शिक्षकाचं कर्तव्यच आहे.

२५ ऑक्टोबर

सराव. बुधवार आणि शनिवार, दुपारी चार. ती चारला पाच कमी असताना येते. मी सव्वातीनपासून खिडकीत असतो, रहदारीचा अभ्यास म्हणून.

रोडबुक आलंय. कुठे वळायचं, किती मिनिटांत पोचायचं, सगळं त्यात. ती पेन्सिल घेऊन वाचते. तेराव्या पानावर चूक सापडली. पूल वळणाच्या आधी दाखवलाय, आहे नंतर. आयोजकांना पत्र लिहिलं तिने. माझ्या गाडीवरच्या पाटीतलीही काढली. मी 'वनस्पती तेलावर धवणारी गाडी' रंगवलं होतं. तिने पिशवीतून मार्कर काढून काना दिला. आता धावणारी.

एक त्रास. ती माझ्या जागेवर बसते आणि माझा ब्रेक दाबते. आज सात वेळा. मी म्हटलं, काही गरज नव्हती. ती म्हणाली, सर, ट्रक होता. ट्रक मी पाहिला होता. पाहणार होतो.

२९ ऑक्टोबर

नवीन कप आणला. जुन्याचा कान तुटलाय म्हणून. जुनाही वापरात आहे. म्हणजे दोन.

१ नोव्हेंबर

सुचवलं की सराव आठवड्यातून चारदा करावा. तांत्रिकदृष्ट्या आवश्यक आहे. ती म्हणाली, दोनदा पुरे की, सर. आग्रह केला नाही. नंतर विषय काढून फक्त तीनदा सांगितलं.

परत येताना रिकामं मैदान लागलं. ती म्हणाली, इथे मी चालवून बघू का जरा? बारा वर्षं झाली हात लावून. मी म्हटलं, लायसन्स नाही तुमच्याकडे. नियम म्हणजे नियम. ती हसली आणि काच खाली केली. मग घरापर्यंत फक्त रोडबुकातलं बोलली.

रॅली झाली की तिला सातव्यांदा टेस्टसाठी तयार करेन. आधी सांगायचं नाही. सरप्राइज.

९ नोव्हेंबर, रविवार

ताईला सांगितलं, सहचालक मिळाला. ताईने विचारलं, मिळाला की मिळाली? माझा आवाज कळतो म्हणे तिला. मेकॅनिकचा फोन यायचाय सांगून ठेवला.

मेकॅनिकचा फोन खरंच आला. म्हणाला, जास्तीचे चार फिल्टर तरी जवळ ठेवा. एक घेतला. फार तयारी म्हणजे स्वतःवरचा अविश्वास.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.००

उद्या रॅली. मैदानावर सगळ्यांना बोलावलं होतं. अकरा गाड्या. आयोजकांनी माइकवरून सांगितलं की तेराव्या पानावरची चूक आमच्या टीमने दाखवली. टाळ्या. मी उभा राहून हात जोडले. ती बसून होती.

पाव पोचवणारी एक पिवळी व्हॅन आहे. चालवते स्वतः बेकरीवाली, धिप्पाड, आवाज खणखणीत. नवरा सहचालक. तो बिचारा उभ्या गाडीतही पांढराफटक दिसत होता. बेकरीवाली सहावेळाशी पंधरा मिनिटं बोलली. तिला हिचं रोडबुक बघायचं होतं. पेन्सिलीच्या खुणा बघून म्हणाली, बाई, तुम्ही माझ्या गाडीत का नाही? दोघी हसल्या. मीही हसलो. मला ऐकू आलं होतं.

१५ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

आमची गाडी तिसरी सुटणार. हवा गार. तेल जरा घट्ट दिसतंय, पण इंजिनाची ऊब लागली की पाघळेल. तिने निळा स्वेटर घातलाय, गळ्यात स्टॉपवॉच. म्हणाली, सर, घाबरलात का? म्हटलं, मी? स्टीअरिंग ओलं का आहे म्हणून विचारत होती. दव.

८.५०

पहिला चेकपॉइंट. अठरा किलोमीटर. दहा सेकंद लवकर! सगळं तिने सांगितल्याबरहुकूम केलं. इथून डावीकडे, आता चाळीसवर, आता थोडं सावकाश. कुणीतरी शेजारी बसून असं सांगत असलं की गाडी चालवणं अगदी सोपं आहे. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

ब्रेक तिने फक्त दोनदा दाबला.

१०.०५

एकेचाळिसावा किलोमीटर, चढ. इंजिन खोकलं आणि बसलं. फिल्टर उघडला. आत पीठ, काळे कण आणि पाणी. आचाऱ्याने विश्वासघात केला. जास्तीचा फिल्टर टाकला.

१०.४०

पंचेचाळिसावा किलोमीटर. तेच.

एक एक करून गाड्या पुढे गेल्या. प्रत्येक गाडीतून वेगळा वास. दोघांनी थांबून विचारलं, मदत हवी का? मी म्हटलं, नाही, नियोजित थांबा आहे. सहावेळा माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, सर, त्यांच्याकडे फिल्टर होते.

११.२०

नीट क्रमाने लिहितो.

पिवळी व्हॅन आली आणि थांबली. बेकरीवालीचा नवरा मागच्या दारातून डोकं बाहेर काढून होता. रस्ता वळणावळणाचा, तो वाचू शकत नव्हता, बघूही शकत नव्हता. मागून आयोजकांची जीप. बेकरीवालीने त्यांना विचारलं, बदली सहचालक चालेल का? ते म्हणाले, बंद पडलेल्या गाडीतला असेल तर चालेल.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

ती म्हणाली, सर, जाऊ का? पण तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार.

मी म्हटलं, जा, जा. अर्थात जा. खेळाडूवृत्ती महत्त्वाची. मला इथे बरीच कामं आहेत.

ती म्हणाली, नक्की? म्हटलं, नक्की.

ती व्हॅनपर्यंत गेली. मग वळून परत आली, पळतच. मी शेजारचं दार उघडून धरलं. तिने सीटवरून रोडबुक उचललं आणि पेन्सिल. म्हणाली, हे राहिलं होतं.

व्हॅनमागे ताज्या पावाचा वास बराच वेळ राहिला.

१२.३०

शेजारच्या सीटवर येऊन बसलो. इकडे सावली आहे म्हणून.

दुपारी ३.१०

गाडी ओढून नेणारा ट्रक आला. ट्रकवाला उतरला, काचेतून आत बघितलं, मला नमस्कार केला आणि म्हणाला, ड्रायव्हर कुठे गेला?

मी म्हटलं, येईल इतक्यात.

त्याने विडी पेटवली. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. त्याची विडी संपली. मग मी म्हटलं, मीच आहे.

तो दोर आणायला गेला. दोर बांधताना एकदा म्हणाला, चढ आहे, पाय ब्रेकवर ठेवा. मी ठेवला. माझ्या बाजूचा.

१७ नोव्हेंबर

पेपरात निकाल. पिवळी व्हॅन तिसरी. फोटो आलाय. ट्रॉफी बेकरीवालीच्या हातात, नवरा रंगावर आलेला, मध्ये सहावेळा. दात दिसतील एवढं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. फोटोतला कोपरा कापलाय, तिथे पार्किंग होतं. ट्रकवाल्याने माझी गाडी तिथेच आणून सोडली होती. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मी फोटोत आहे.

खरं म्हणजे घडवलं कुणी? मीच.

१९ नोव्हेंबर

तिचा फोन! शनिवारी चारला येते म्हणाली. स्वेटर गाडीत राहिलाय. मी म्हटलं, असेल कुठेतरी, शोधतो. (सोळा तारखेलाच सापडला. घडी करून खुर्चीवर ठेवलाय.)

स्वेटर हे निमित्त असणार. फोनवर माणूस सगळं बोलत नाही. पुढच्या वर्षीच्या रॅलीचा आराखडा करून ठेवला, चार पानी. यात तिला पहिल्या दिवशी दहा किलोमीटर आणि दुसऱ्या दिवशी वीस किलोमीटर चालवायला दिलेत. लायसन्सचं बघू.

२१ नोव्हेंबर

घर आवरलं. डबे बाथरूममधून गॅलरीत. फरशी चार वेळा पुसली, तरी पाय सरकतो. ताईला फोन करून विचारलं, पाहुण्यांना चहासोबत काय देतात? ती फार हळू आवाजात म्हणाली, काहीही दे रे. बस त्यांच्याजवळ.

२२ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळी ५.१५

चारला पाच कमी असताना आली. खिडकीतून बघितलं, पिवळ्या व्हॅनमधून उतरली. व्हॅन निघून गेली.

हातात मोठा पाव. बेकरीवालीने दिला म्हणाली. खुर्चीत बसली, इकडेतिकडे बघितलं, म्हणाली, छान ठेवलंय की घर. मी स्वेटर दिला. तिने मांडीवर ठेवला. मी चहाचं आधण ठेवलं आणि आराखड्याची चार पानं घेऊन आलो. पाठीमागे धरली. योग्य क्षण यायचा होता.

ती म्हणाली, सर, एक सांगायचं होतं, दुसऱ्याकडून कळायला नको. मी पुन्हा गाडी शिकतेय. बेकरीवालीबरोबर, पहाटे, पाव पोचवताना. कालपर्यंत चार दिवस चालवली. कुठे ठोकली नाही. राग नाही ना आला?

मी म्हटलं, राग कसला? उलट अभिमान.

ती म्हणाली, ती ओरडत नाही हो. चुकलं की हसते. मग मला जमतं. पण क्लच कधी सोडायचा ते मला अजून तुमच्याच आवाजात ऐकू येतं.

हे चांगल्या अर्थाने म्हणाली. मला वाटतं चांगल्याच अर्थाने. पण त्या वेळी माझ्या तोंडून काय निघालं, तर साडेचारला माझ्याकडे पाहुणे यायचेत.

का म्हटलं, माहीत नाही. मला कुणाची गरज नाही एवढंच दाखवायचं होतं. जुने विद्यार्थी येणार आहेत, म्हटलं. सात-आठ जण.

ती लगेच उठली. अय्या, मग मी कशाला अडवून ठेवू तुम्हाला? म्हणाली. स्वेटर अंगात घातला. मी म्हटलं, बसा, तसे ते उशिराच येतात. ती म्हणाली, नको, तुमची तयारी राहिली असेल, कप तर दोनच काढलेत. दारात चपला घालताना म्हणाली, मी पाच वाजेपर्यंत मोकळी होते, बेकरीवालीला पाचला घ्यायला बोलावलंय. हरकत नाही, कोपऱ्यावर थांबेन. वाचायला आणलंय मी.

जिना उतरून गेली. मी गॅस बंद केला.

खिडकीतून कोपरा दिसतो. ती बाकावर बसली होती, पुस्तक उघडून. पाचपर्यंत तिथेच होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढंच अंतर.

मारणार होतो. पण पाहुण्यांचं काय सांगणार, म्हणून थांबलो. साडेचार वाजले तेव्हा, का कोण जाणे, उठून दार उघडून पाहिलं.